२७ आणि २८ फेब्रुवारी: विद्यापीठाच्या आवारात भाषा आणि विज्ञान एका मांडवाखाली कसे आणायचे

फेब्रुवारीच्या शेवटी विद्यापीठात लागोपाठ दोन कार्यक्रम होतात. २७ तारखेला मराठी विभागात कुसुमाग्रजांच्या तसबिरीला हार घातला जातो, चार कविता वाचल्या जातात, पाहुण्यांचं भाषण होतं. २८ तारखेला भौतिकशास्त्राच्या इमारतीत सी. व्ही. रामन यांच्या तसबिरीला हार घातला जातो, पोस्टर लागतात, पुन्हा एका पाहुण्यांचं भाषण होतं. दोन इमारतींमध्ये पाच मिनिटांचं अंतर असतं. तरी मराठीचा विद्यार्थी पोस्टर बघायला जात नाही आणि भौतिकशास्त्राचा विद्यार्थी कविता ऐकायला येत नाही.

हे दोन दिवस एकत्र आणून केलेला कार्यक्रम विद्यार्थ्यांबरोबर मी काही वेळा उभा केला आहे. त्यातून कळलेलं सगळं इथे क्रमानं लिहितो. मध्यवर्ती कल्पना एकच आहे: विद्यार्थ्यानं आपला विषय, त्या विषयातलं काहीही न शिकलेल्या दुसऱ्या विद्यार्थ्याला, मराठीत समजावून सांगायचा. उद्घाटन, कविता, गाणी, जेवण, आकाशदर्शन हे सगळं त्याच्याभोवती रचायचं. हा गाभा हलला की उरतो तो नेहमीचा हारतुऱ्यांचा कार्यक्रम.

तारखांचा अर्थ आधी नीट लावा

बॅनरवर सर्वांत जास्त चुका इथेच होतात. २७ फेब्रुवारी हा कुसुमाग्रजांचा जन्मदिवस (जन्म १९१२) आणि त्या दिवसाचं नाव ‘मराठी भाषा गौरव दिन’. ‘मराठी राजभाषा दिन’ वेगळा, तो १ मे रोजी असतो. २७ तारखेच्या बॅनरवर ‘राजभाषा दिन’ छापलेलं मी इतक्यांदा पाहिलं आहे की आता मजकूर प्रेसला जाण्याआधी पहिली नजर त्याच ओळीवर टाकतो.

२८ फेब्रुवारीला जयंती नसते. रामन यांचा जन्म ७ नोव्हेंबरचा. २८ फेब्रुवारी १९२८ रोजी कोलकात्यात त्यांनी प्रकाशाच्या विखुरण्याबद्दलचा आपला शोध जाहीर केला, म्हणून १९८७ पासून हा दिवस राष्ट्रीय विज्ञान दिन म्हणून पाळला जातो. नोबेल १९३० सालचं. त्या कामात के. एस. कृष्णन त्यांच्याबरोबर होते, त्यांचं नाव निवेदनात जरूर यावं.

शक्य असेल तर २१ फेब्रुवारीपासूनच वातावरण तयार करा. तो आंतरराष्ट्रीय मातृभाषा दिन, आणि त्यामागे १९५२ साली ढाक्यात बंगालीसाठी प्राण दिलेल्या विद्यार्थ्यांची आठवण आहे. विद्यापीठात परप्रांतांतून आणि परदेशांतून आलेले विद्यार्थी असतात. त्या आठवड्यात ग्रंथालयाच्या दारात एक फळा ठेवा आणि प्रत्येकानं आपल्या भाषेत ‘पाऊस’ किंवा ‘तारा’ हा शब्द लिहावा असं सांगा. खडूपलीकडे खर्च नाही, आणि कार्यक्रम फक्त मराठी विभागाचा नाही हे न सांगता कळतं.

पंचांग आणि परीक्षा

नोव्हेंबरमध्ये, दिवाळीची सुट्टी संपली की, तीन गोष्टी एका कागदावर मांडा.

पहिली, वार. २०२७ मध्ये हे दोन दिवस शनिवार-रविवारी येतात. वसतिगृहातली मुलं हाताशी असतात, पण रोज बसनं येणारी येत नाहीत. प्रशासकीय इमारत बंद, किल्ली एका शिपायाकडे, जनरेटरचा माणूस सुट्टीवर. तेव्हा किल्ली, वीज आणि सुरक्षा या तिन्ही माणसांची नावं आणि नंबर शुक्रवारी दुपारपर्यंत खिशात हवेत.

दुसरी, बारावीची परीक्षा. राज्य मंडळाची परीक्षा फेब्रुवारीतच सुरू होते. वरिष्ठ महाविद्यालयाच्या आवारात कनिष्ठ महाविद्यालयही असेल तर तुमचं सभागृह परीक्षा केंद्रात गेलेलं असू शकतं. आमच्या बाबतीत एकदा असंच झालं. जागा मिळाल्याचं पत्र हातात होतं, पण सभागृहातली बाकं आसन क्रमांक टाकून आधीच लावली गेली होती. तीन दिवस आधी सगळं ग्रंथालयाच्या व्हरांड्यात हलवावं लागलं. तेव्हापासून जागेच्या अर्जाबरोबर परीक्षा विभागाचं ‘हरकत नाही’ असं लेखी घेतो. परीक्षा चालू असताना आवारात स्पीकर लावायचा नाही हेही आलंच.

तिसरी, रमजान. २०२७ मध्येही हे दोन दिवस रमजानच्या महिन्यात येतात. पुण्याकडे सूर्यास्त तेव्हा पावणेसातच्या सुमारास होतो. म्हणून संध्याकाळी साडेसहा ते सव्वासात मोठी सुट्टी ठेवा, एका बाजूला खजूर, पाणी आणि फळं मांडा, नमाजासाठी एक स्वच्छ खोली मोकळी ठेवा. रोजा असलेला विद्यार्थी साडेसहाला गुपचूप निघून जातो आणि पुन्हा येत नाही. नुकसान त्याचं नाही, आपलं होतं.

परवानग्या: डिसेंबरमध्ये, लेखी

अर्ज विभागप्रमुखांमार्फत कुलसचिवांकडे आणि त्याची प्रत विद्यार्थी विकास मंडळाकडे. राष्ट्रीय सेवा योजनेचं युनिट बरोबर घेतलंत तर स्वयंसेवकांचा प्रश्न सुटतो. अर्जात कार्यक्रम एका परिच्छेदात, अपेक्षित संख्या, जागा, सुरू होण्याची आणि संपण्याची वेळ, जबाबदार शिक्षकाचं नाव, आणि खर्चाचा अंदाज एवढं असलं की फाईल परत येत नाही. ‘संपण्याची वेळ’ गाळलेले अर्ज हमखास अडकतात, कारण सुरक्षा विभागाला तेवढंच विचारायचं असतं.

उघड्यावर ध्वनिक्षेपक लावणार असाल तर पोलिस ठाण्याची परवानगी वेगळी. रात्री १० ते सकाळी ६ उघड्यावर ध्वनिक्षेपक चालत नाही, आणि शिक्षणसंस्था, रुग्णालयं, न्यायालयं यांच्याभोवतीचा किमान १०० मीटरचा परिसर शांतता क्षेत्र म्हणून जाहीर झालेला असू शकतो. माझा सल्ला: गाण्याबजावण्याचा भाग बंद सभागृहात घ्या आणि उघड्यावर फक्त पोस्टर, जेवण आणि आकाशदर्शन ठेवा. या तिन्हींना माईक लागत नाही.

माणसं कुठे सापडतात

‘इच्छुकांनी नावे द्यावीत’ अशी सूचना लावून फारसं कुणी येत नाही. विद्यार्थी आधीच कुठेतरी तयारी करत असतात, तिथे जाऊन त्यांना भेटावं लागतं.

‘आविष्कार’ या आंतरविद्यापीठीय संशोधन स्पर्धेसाठी विद्यार्थ्यांनी पोस्टर केलेले असतात. विद्यापीठाची फेरी साधारण डिसेंबर-जानेवारीत आटोपते, पोस्टर गुंडाळून कपाटावर जातात. बहुतेक इंग्रजीत असतात. जानेवारीत त्या यादीतल्या प्रत्येकाला फोन करा: “तुझं काम मराठीत सांगशील का? पोस्टर नव्यानं करायला आम्ही मदत करू.” निम्मे तरी होकार देतात, कारण कष्ट आधीच झालेले असतात आणि निवड झाली नाही म्हणून कुणाला दाखवायचं राहून गेलेलं असतं. ‘इंद्रधनुष्य’ युवक महोत्सवासाठी सराव केलेल्या मुलामुलींचंही तसंच. त्यांच्याकडे भारूड, पोवाडा, मूकनाट्य, समूहगान तयार असतं.

समिती लहान ठेवा. नऊ जण पुरतात: एक समन्वयक, दोन पोस्टर आणि भाषणांसाठी, दोन संध्याकाळच्या कार्यक्रमासाठी, एक हिशेबाला, एक जागा-ध्वनी-वीज बघायला, एक जेवणाला आणि एक पाहुण्यांना. नऊपैकी किमान चार विज्ञान शाखेतले आणि चार भाषा-समाजशास्त्रांकडचे हवेत. पहिल्या वर्षाचे दोघं तरी असूद्यात, म्हणजे पुढच्या वर्षी अनुभव असलेलं कुणीतरी आवारात उरतं.

पोस्टर आणि तीन मिनिटं

जानेवारीच्या तिसऱ्या आठवड्यात सहभागींना एकदा बसवा. पहिला सराव असा: आपलं काम एका वाक्यात, आजीला कळेल असं सांगायचं. सूक्ष्मजीवशास्त्राची एक विद्यार्थिनी पहिल्यांदा म्हणाली, “मी जिवाणूंच्या प्रतिजैविक-प्रतिरोधाचा अभ्यास करते.” पाचव्या प्रयत्नात म्हणाली, “औषध अर्धवट घेतलं तर काही जंतू वाचतात, आणि पुढच्या वेळी तेच औषध त्यांना लागू पडत नाही. ते कसे वाचतात हे मी बघते.” हे दुसरं वाक्य पोस्टरच्या माथ्यावर गेलं. शास्त्रीय शब्द खाली राहिलेच, पण वाचणारा तिथपर्यंत पोचला.

पोस्टरचा आकार ए-वन ठेवा, म्हणजे ५९.४ बाय ८४.१ सेंटिमीटर, उभा. मजकूर २५० शब्दांच्या वर नको. चार-पाच फुटांवरून वाचता आलं पाहिजे. एक आकृती मोठी, तिच्यातली नावंही मराठीत. इंग्रजी आलेख तसाच चिकटवलेला पोस्टर परत पाठवा. वाईट वाटतं, पण एकदा सूट दिली की सगळेच चिकटवतात.

दुसरा भाग तोंडी: तीन मिनिटं, एक स्लाइड किंवा तीही नाही, मग दोन मिनिटं प्रश्न. परीक्षकांपैकी निम्मे विषयाबाहेरचे ठेवा. इतिहासाचे शिक्षक रसायनशास्त्र ऐकतात तेव्हा खरे प्रश्न येतात. आम्ही १०० गुण असे वाटतो: बाहेरच्या माणसाला कळलं का याला ४०, शास्त्रीय अचूकतेला ३०, भाषेला २०, उत्तरांना १०. भाषेचे २० गुण सोपेपणाचे आणि नेमकेपणाचे. अलंकार, सुभाषितं आणि उच्चारांच्या ‘शुद्धतेला’ गुण देऊ नका. हे परीक्षकांना लेखी द्या, नाहीतर नंदुरबारच्या मुलाचे गुण त्याच्या ‘न’ आणि ‘ण’ वर जातात.

मानव्यविद्या आणि वाणिज्यचे विद्यार्थीही याच रांगेत उभे राहिले पाहिजेत. २८ तारीख विज्ञानाची आहे म्हणून त्यांना बाहेर ठेवू नका. एखाद्या गावच्या पाणीवाटपाचा अभ्यास किंवा मोडी कागदपत्रांचं वाचन तितक्याच काटेकोरपणे समजावता येतं.

शब्दांची बैठक

ही माझी आवडती बैठक. २७ तारखेला सकाळी दीड तास. भाषेचे आणि विज्ञानाचे विद्यार्थी पाच-पाच जणांच्या गटात सतरंजीवर बसतात, प्रत्येक गटात दोन्हीकडचे. समोर दहा संज्ञा. संदर्भासाठी भाषा संचालनालयाचे परिभाषा कोश आणि मराठी विश्वकोश, दोन्ही इंटरनेटवर फुकट बघता येतात.

रामन यांच्याच शोधापासून सुरुवात करता येते. प्रकाशाचे किरण रेणूंवर आदळून विखुरतात आणि त्यांतल्या अगदी थोड्या प्रकाशाची तरंगलांबी बदलते. या विखुरण्याला विश्वकोशात ‘प्रकीर्णन’ म्हटलं आहे. आमच्या एका गटात यावर पाऊण तास वाद झाला. भौतिकशास्त्राच्या मुलाचं म्हणणं, “विखुरणं म्हटलं की धान्य सांडल्यासारखं वाटतं.” मराठीच्या मुलीचं म्हणणं, “तसंच तर होतंय ना?” शेवटी गटानं ठरवलं ते मला सगळ्याच पोस्टरांसाठी योग्य वाटतं: आधी क्रियापदानं घटना सांगायची (‘प्रकाश विखुरतो’), मग संज्ञा द्यायची (‘याला प्रकीर्णन म्हणतात’), आणि पुढे तीच एक संज्ञा शेवटपर्यंत ठेवायची.

सगळे शब्द भाषांतरित करायचा हट्ट धरू नका. ‘पेशी’, ‘रेणू’, ‘जनुक’, ‘संप्रेरक’ हे शाळेपासून रुळले आहेत, ते वापरा. ‘विकर’ पाठ्यपुस्तकात आहे, पण अनेकांना ‘एन्झाइम’च कळतं. पहिल्यांदा दोन्ही लिहा. ‘मशीन लर्निंग’ देवनागरीत तसंच लिहिलं तरी काही बिघडत नाही. गट काय ठरवतो याहून त्यानं का ठरवलं हे महत्त्वाचं, म्हणून प्रत्येक गटानं एका ओळीत कारण लिहावं. ती यादी जपून ठेवा, तिचं काम पुढे आहे.

कुणी विचारेलच की हा सगळा खटाटोप कशासाठी, विज्ञान तर इंग्रजीतच चालतं. अशा वेळी भाषण देण्यापेक्षा जयंत नारळीकरांचं उदाहरण पुरेसं आहे. जगभर नावाजलेले खगोलशास्त्रज्ञ, पुणे विद्यापीठाच्या आवारातल्या आयुका या खगोलशास्त्र संस्थेचे संस्थापक संचालक, आणि तरी आयुष्यभर मराठीत विज्ञानकथा आणि लेख लिहीत राहिलेले. २०२१ मध्ये नाशिकच्या साहित्य संमेलनाचे ते अध्यक्ष होते. मुंबईत १९६६ साली सुरू झालेली मराठी विज्ञान परिषदही हेच काम करत आली आहे. तुमच्या गावात तिचा विभाग असेल तर वक्ते आणि परीक्षक तिथून मिळू शकतात.

पुण्याजवळच्या आयोजकांसाठी एक सूचना. २८ तारखेला आयुका सर्वांसाठी खुली असते, आणि नारायणगावजवळ खोडदच्या जीएमआरटी या रेडिओ दुर्बिणीपाशी विज्ञान प्रदर्शन भरतं. तुमचे विज्ञानाचे विद्यार्थी तिकडे जातील. त्यांना अडवू नका. पोस्टर आणि भाषणं २७ ला घ्या, २८ ला सगळ्यांनाच बस करून तिकडे न्या, मराठीच्या मुलांसकट.

बोलींची संध्याकाळ, आणि तिथे घ्यायची काळजी

२७ तारखेच्या संध्याकाळी कविता आणि गाणी असतातच. त्यात एक तास बोलींना द्या. आवारात अहिराणी, वऱ्हाडी, झाडीबोली, मालवणी, आगरी, गोरमाटी, वारली, पावरी बोलणारी मुलं असतात, फक्त वर्गात ती प्रमाण मराठीत बोलतात. चार-चार मिनिटं, आपल्या बोलीतली गोष्ट, ओवी, घरातला प्रसंग, काहीही.

दोन गोष्टी निवेदकाला आधीच समजावून सांगा. गोंडी आणि कोरकू या मराठीच्या बोली नव्हेत. गोंडी द्रविड कुळातली, मेळघाटातली कोरकू मुंडा गटातली. कोंकणी ही आठव्या अनुसूचीतली स्वतंत्र भाषा आहे. म्हणून सत्राचं नाव ‘मराठीच्या बोली’ असं ठेवू नका. ‘आमच्या घरची भाषा’ हे नाव आम्ही ठेवलं, त्यात सगळे मावतात.

दुसरी गोष्ट मी एका वाईट अनुभवातून शिकलो. वऱ्हाडीत आपल्या आईच्या आजारपणाबद्दल वाचणारी एक मुलगी होती. पहिल्याच ओळीला सभागृह हसलं. बोली म्हणजे विनोद अशी सवय कानांना लागलेली. ती दुसऱ्या ओळीला थांबली, कागद घडी करून खाली उतरली. पुन्हा मंचावर यायला ती तयार झाली नाही, आणि त्यात तिचं काहीच चुकलं नव्हतं. चूक आमची होती: तिच्याआधी आम्ही एक विनोदी प्रवेश ठेवला होता आणि निवेदकानं ‘आता वऱ्हाडी तडका’ म्हणून तिला बोलावलं होतं.

त्यानंतर या सत्राची रचना बदलली. निवेदक दोन वाक्यांत सांगतो: ही भाषा कुठे बोलली जाते, आणि आज ऐकायचं ते कशाबद्दल आहे. अवघड शब्दांचे अर्थ पडद्यावर येतात. विनोदी मजकूर चालतो, पण सत्राची सुरुवात गंभीर मजकुरानं होते. ‘तडका’, ‘ठसका’ असले शब्द निवेदनात येत नाहीत. हे केल्यापासून सभागृह शांतपणे ऐकतं, आणि हसायच्या जागी हसतंही.

कविता आणि गाण्यांच्या हक्कांबद्दल थोडं. लेखकाच्या निधनानंतर ६० वर्षं लेखनाचे हक्क राहतात. कुसुमाग्रज १९९९ मध्ये गेले, म्हणजे त्यांचं लेखन अजून बरीच वर्षं हक्कांत आहे. शिक्षणसंस्थेच्या उपक्रमात विद्यार्थी-शिक्षकांनी, फक्त विद्यार्थी, शिक्षक आणि पालकांसमोर सादर केलं तर कायद्यात सूट आहे. पण तेच तिकीट लावून, बाहेरच्यांना बोलावून किंवा यूट्यूबवर टाकून कराल तर आधी परवानगी घ्या. संपूर्ण एकांकिका करणार असाल तर लेखकाची लेखी परवानगी नेहमीच घ्या.

त्याच रात्री आकाश

साडेसातला कार्यक्रम संपवून साडेआठला सगळ्यांना मैदानावर न्या. फेब्रुवारीअखेर त्या वेळी मृग डोक्याच्या जवळ असतो. दक्षिणेकडे व्याध लखलखतो, आणि त्याच्या बरंच खाली, क्षितिजापासून थोडा वर, अगस्त्य दिसतो. रोहिणी आणि कृत्तिका पश्चिमेकडे झुकलेल्या. २०२७ मध्ये पौर्णिमा २० फेब्रुवारीला होऊन गेलेली असेल, त्यामुळे २७ ला संध्याकाळी चंद्राचा अडथळा नाही. दुर्बीण नसली तरी चालेल. मैदानावरचे दिवे अर्धा तास बंद करण्याची परवानगी मात्र आधी मिळवा.

इथे भौतिकशास्त्राच्या विद्यार्थ्यानं ताऱ्याचं अंतर सांगावं आणि मराठीच्या विद्यार्थ्यानं नावामागची गोष्ट. नक्षत्रांची नावं आपल्याकडे पाऊसपाण्याच्या बोलण्यात अजून जिवंत आहेत. शेतकरी घरातली मुलं मृगाबद्दल जे सांगतात ते कोणत्याही पाहुण्याच्या भाषणापेक्षा जास्त लक्षात राहतं.

छपाई: देवनागरीचा घोळ टाळा

फ्लेक्सच्या दुकानात अजूनही जुने, युनिकोडपूर्व फॉन्ट असतात. तुमचा मजकूर तिथे उघडला की जोडाक्षरं सुटतात, वेलांटी भलत्या अक्षरावर बसते. मजकूर कधीही वर्ड फाईलमध्ये देऊ नका. फॉन्ट आत बसवलेली पीडीएफ द्या, आणि छापण्यापूर्वी त्यांच्याच संगणकावर उघडलेली प्रत डोळ्यांनी बघा. फॉन्ट मुक्त वापराचे घ्या, उदाहरणार्थ मुक्ता. मराठी वळणाचे ‘ल’ आणि ‘श’ येतात का ते तपासा, अनेकदा हिंदी वळणाचे येतात. अर्धा ‘र’ही बघा: ‘आचार्यांचे’ छापायचं असताना ‘आचाऱ्यांचे’ झालं तर आचार्यांच्या जागी स्वयंपाकी येतो.

प्रमाणपत्रावरचं नाव विद्यार्थ्याकडून त्याच्या हातानं देवनागरीत लिहून घ्या. इंग्रजी यादीवरून नावं उतरवली की ‘वैष्णवी’ची ‘वैश्नवी’ होते, आणि आडनावांचं तर विचारूच नका.

पैसे

रक्कम कितीही असो, वाटणीचं माप साधारण असं ठेवा: १०० रुपयांतले ३५ जेवण-चहावर, २० ध्वनी-मांडव-खुर्च्यांवर, १५ छपाईवर, १५ पाहुणे आणि परीक्षकांच्या मानधन-प्रवासावर, ५ बक्षिसांवर, आणि १० हाताशी राखून. शाल-श्रीफळाऐवजी पुस्तक द्या, तेही विद्यापीठाच्या प्रकाशनाचं मिळालं तर स्वस्तात येतं. बक्षिसं लहान ठेवली तरी चालतात, पोस्टरच्या छपाईचा खर्च मात्र विद्यार्थ्यावर टाकू नका. ज्याच्याकडे पैसे नाहीत तोच नाव मागे घेतो.

मोठ्या खर्चाला तीन कोटेशन, जीएसटीचं पक्कं बिल, आणि बिलावर विभागाचं नाव. पाहुण्यांचं मानधन बहुधा बँकेतूनच जातं. त्यासाठी लागणारा खाते क्रमांक, पॅन वगैरे निमंत्रणाच्या पत्राबरोबरच मागवा. भाषण करून दमलेल्या ज्येष्ठ माणसासमोर निघताना चार फॉर्म ठेवणं बरं दिसत नाही.

२७ तारखेची वेळ

९.३० नोंदणी आणि चहा. १०.०० उद्घाटन, पंधरा मिनिटांत. त्यात एकच पाहुणा, एकच सत्कार. १०.१५ शब्दांची बैठक. १२.०० पोस्टर, विद्यार्थी आपापल्या पोस्टरपाशी उभे. १.३० जेवण. २.३० ते ५.०० तीन मिनिटांची भाषणं. ५.०० चहा. ५.३० ‘आमच्या घरची भाषा’. ६.३० सुट्टी. ७.१५ निकाल, आभार, सगळ्यांनी मिळून एक गाणं. ७.३० जेवण. ८.३० आकाशदर्शन. ९.१५ समाप्ती.

शेवटची वेळ मुलींच्या वसतिगृहाचं दार बंद होण्याची वेळ बघून ठरवा आणि वसतिगृहप्रमुखांना पत्र द्या. हे राहून गेलं की आठ वाजता निम्मं सभागृह घड्याळाकडे बघू लागतं.

ध्वनी लावणाऱ्याला आदल्या दिवशी बोलवा. एक पोडियमचा, दोन हातातले आणि एक कॉलर माईक, जादा सेल. मंचावर जायला रॅम्प नसेल तर व्हीलचेअरवरच्या विद्यार्थ्यासाठी भाषणं खालीच, पहिल्या रांगेसमोर घ्या, सगळ्यांचीच. त्याला एकट्याला खाली ठेवू नका. पिण्याचं पाणी दोन ठिकाणी, स्वच्छतागृहाकडे जाणाऱ्या वाटेवर दिवा, प्रथमोपचार पेटी, अंतर्गत तक्रार समितीचा नंबर नोंदणीच्या टेबलावर ठळक लावलेला. रुग्णवाहिकेसाठी १०८ आणि पोलिसांसाठी ११२ प्रत्येक स्वयंसेवकाच्या ओळखपत्रामागे छापा.

नंतरचे पंधरा दिवस

हिशेब आठवड्याभरात द्या, आगाऊ घेतलेली रक्कम नावावर राहिली तर पुढच्या वर्षी मिळत नाही. अहवालाला हजेरीपट, कार्यक्रमपत्रिका आणि जिओटॅग (ठिकाणाची नोंद असलेले) फोटो लागतात. फोटो काढणाऱ्याला ते सकाळीच सांगा.

पोस्टर गुंडाळू नका. ग्रंथालयाशी बोलून महिनाभर वाचनकक्षाच्या भिंतीवर लावा. पुढे प्रत्येकाच्या तालुक्यातल्या शाळेत एकेक पाठवता येतो. विद्यार्थी सुट्टीत घरी जातातच, गुंडाळी हातात द्यायची.

आणि शब्दांच्या बैठकीतली ती यादी. मार्चमध्ये एक शनिवार काढून तिच्या आधारानं मराठी विकिपीडियावर काम करा. तो १ मे २००३ पासून चालू आहे, पण विज्ञानाचे अनेक लेख दोन-चार ओळींचेच आहेत. तिथे स्वतःची मतं चालत नाहीत, छापील संदर्भ द्यावा लागतो, म्हणून बैठक ग्रंथालयातच घ्या, कोश आणि पाठ्यपुस्तकं हाताशी ठेवून. दहा विद्यार्थी, पाच लेख, एक दुपार.

शेवटी एक जाड फाईल करा: अर्जांच्या प्रती, कोटेशन, फोन नंबर, परीक्षकांचे गुणतक्ते, शब्दयादी, आणि काय चुकलं याचं एक पान, समितीतल्या नऊ जणांनी एकत्र बसून लिहिलेलं. ती समितीतल्या पहिल्या वर्षाच्या दोघांच्या हातात द्या. डिसेंबरमध्ये जागेचा अर्ज त्यांनीच करायचा आहे.